पर्समधल्या दोन पुड्या

माझा भाऊ खर्र्यानं गेला, आणि तो खर्रा मी नेऊन देत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कोणी माझी कीव करायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. आमच्याकडे पाहुण्याला पाण्यानंतर तोच विचारतात. भाऊ घाटंजीला, मी यवतमाळात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळेच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' असा फलक आहे, त्यावरची अक्षरं मीच रंगवलेली. आणि घाटंजीला जायचं म्हटलं की स्टँडजवळच्या ठेल्यावरून त्याच्या आवडीच्या दोन पुड्या घ्यायच्या, हेही ठरलेलं. राखीला, भाऊबीजेला, एरवीही. एखादवेळी मिठाई विसरेन, पुड्या नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला पुण्यात नोकरी लागली. जायच्या आधी जेवण द्यायचं तर मामाला, आणि तेही आर्णी रोडवरच्या नव्या इटालियन हॉटेलात, असा तिचा हट्ट. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. बारावीपर्यंत प्रत्येक परीक्षेला मामा पहिल्या एसटीनं यायचा, तिला केंद्रावर पोचवायचा आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाशी उभा राहायचा. तर भाऊ आला, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.

पिझ्झा समोर आला तेव्हा तो म्हणाला, हे लोक भाकर उलटवायचीच विसरले वाटते. आम्ही हसलो. मुलीनं त्याच्या ताटात मोठा तुकडा वाढला. तो सुरीनं त्याचे बारीक बारीक तुकडे करत बसला, पण तोंडात काही जाईना. गार्लिक ब्रेड तर त्यानं हळूच माझ्या ताटात सरकवला. मुलीनं विचारलं तर भूक नाही म्हणाला, घरून खाऊन निघालो म्हणाला. हा माणूस कधी घरून खाऊन निघालाय!

आता माझा स्वभाव. चाळीस पोरांना धाकात ठेवून ठेवून जीभ तिखट झालेली. मला वाटलं, याला इथलं जेवण पटलं नाही आणि हा पोरीचा हिरमोड करतोय. बोललेच मी.

"इतक्या हौसेनं पोरीनं बोलावलं, अन् तू नखरे कायले करून राह्यला? एक घास तरी नीट खा."

शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या.

भावानं पिझ्झ्याचा तुकडा उचलला आणि तोंडाला लावला. ओठांना चीज लागलं, मिशीला टोमॅटो लागला, पण घास काही आत जाईना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी अजून रागातच बघत होते. मुलीला आधी कळलं. तिनं त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि लहान लेकराला म्हणावं तसं म्हणाली, "मामा, तोंड उघडा बरं."

त्यानं उघडलं. जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडत होतं.

दिवाळीच्या आधीपासून असं होतं म्हणे. वरणात भात कालवायचा, पातळ करायचा आणि गिळायचा. भाऊबीजेला माझ्यासमोर त्यानं करंजी खाल्ली नव्हती, मागून खातो म्हणाला होता. मी त्याच्यावर तेव्हाही चिडले होते. पुड्या मात्र त्यानं हसत घेतल्या होत्या आणि नेहमीसारख्या खिशात ठेवल्या होत्या. हे सगळं मला तिथं त्या टेबलावर आठवलं आणि माझी मलाच शिसारी आली.

मी विचारलं, "मंग माह्या हातून खर्रा काहून घेत राह्यला?"

"तू इतक्या दुरून आनत होती ना वं," तो म्हणाला. "नाही कसा म्हनू?"

मुलीनं वेटरला बोलावून नळ्यांचा पास्ता सांगितला, पांढऱ्या सॉसमधला, चांगला गाळ शिजवलेला. एकेक नळी काट्यावर टोचून ती त्याच्या ओठांच्या फटीतून आत सरकवत होती. तो घोळवत होता, चांगलं लागते म्हणत होता. प्लेट रिकामी व्हायला तासभर लागला. माझा पिझ्झा तोवर गार होऊन कडक झाला होता. तो मी चावत बसले. चावता येत असताना टाकू कसा?

चारच्या एसटीला त्याला सोडायला आम्ही स्टँडवर गेलो. पुढच्या आठवड्यात नागपूरला दाखवायचं ठरलं. तिथं गालाच्या आत कॅन्सर निघाला आणि दहा महिन्यांत तो गेला, पण त्या दिवशी आम्हाला काही ठाऊक नव्हतं. गाडी लागली. चढायच्या आधी त्यानं नेहमीसारखा माझ्यापुढे हात केला आणि हळूच विचारलं, आज आणला नाही का. सकाळी त्याला घ्यायला आले तेव्हाच सवयीनं दोन पुड्या घेतल्या होत्या, जेवणानंतर द्यायच्या म्हणून. पर्समध्येच होत्या. नाही आणला, मी म्हणाले.

बरं केलं, म्हणाला. खिडकीपाशी जाऊन बसला, भाचीला हात केला. मग गाडी हलेपर्यंत तो माझ्या पर्सकडे बघत होता.