एकट्याचा मीटर

कर्जतच्या बाजारात व्होल्ट मोजायचा मीटर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने आधी काम काय करता ते विचारलं आणि मग म्हणाला, "जोडीला कोण असतं?"

"कोण नाय," मी म्हटलं.

हे सांगताना मला उगाचच राग आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण सहा वर्षं मी पंपांची आणि बंगल्यांच्या वायरिंगची कामं एकट्याने करत होतो, आणि ते असं तोंडाने कबूल करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

जुन्या मीटरच्या पडद्यावर आकडे अर्धेमुर्धे उमटायला लागले होते. आठ आहे की सहा, ते ज्याचं त्याने ओळखायचं. दुकानदाराने चार मीटर काढून काउंटरवर मांडले. ह्याला होल्डचं बटण आहे, दाबलं की आकडा थांबतो, खाली उतरून सावकाश वाचा. ह्याच्या पाठीला लोहचुंबक आहे, बोर्डाला चिकटवा, धरायला माणूस नको. ह्याचा बझर मोठा आहे, लांबून ऐकू येतो. तो कौतुकाने सांगत होता आणि मला एकेका सोयीत माझा भाऊ दिसत होता. आकडा वाचून ध्यानात ठेवायचं काम त्याचं, मीटर धरून उभं राहायचं काम त्याचं, आणि लांबून ओरडायचं काम तर त्याचंच.

तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आम्ही खालापूरकडचे. अठरा वर्षं दोघांनी मिळून हा धंदा केला. तो बोर्डापाशी, मी तारेपाशी, अशी आमची रीत. दादा फ्यूज काढायचा, चिनी मातीचा तो पांढरा ठोकळा शर्टाच्या खिशात टाकायचा आणि ओरडायचा, "खिशात हाय रं!" ते ऐकलं की मी तारेला हात घालायचो. टेस्टर लावत नसे, मीटर लावत नसे. शहाणी माणसं ह्याला मूर्खपणा म्हणतील, आणि खुशाल म्हणोत, तो होताच. पण फ्यूज दादाच्या खिशात असताना दुसरं कोणी तो परत लावणं शक्य नव्हतं, आणि अठरा वर्षांत मला एकदाही झटका बसला नाही.

मग कळंबचा तो बंगला आला. मालक शहरातले, शनिवार-रविवारी येणारे. वायरिंग त्यांच्याकडच्याच कुणीतरी केलेलं. आम्हाला फक्त पोर्चमधला दिवा बदलायला बोलावलं होतं. आतून दादा ओरडला, "खिशात हाय रं!" मी शिडीवर होतो. तार धरली आणि पुढचं मला आठवतं ते जमिनीवरूनच. मनगट मोडलं होतं. दादा धावत आला, तोंड पांढरंफटक, आणि उघड्या तळहातावर तो फ्यूज.

"आता काढलास व्हय?" मी ओरडलो. "माझा जीव गेल्यावर काढणार हुतास?"

रखवालदार बघत होता. दादाने मला उठवलं. मला गाडीवर बसवून कर्जतला डॉक्टरकडे नेलं, प्लास्टर होईपर्यंत बाहेर बाकड्यावर बसला, माझ्या खोलीवर आणून सोडलं. तिथे तरी मी गप्प बसावं की नाही? मी त्याला म्हटलं, "तुझ्या भरवशावर मी परत तारेला हात लावायचा नाय." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. कुंभिवलीच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून लागल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. लग्नाकार्यात भेटलो की तो विचारायचा, "जेवलास?" मी म्हणायचो, "हं." सहा वर्षांत आमचं बोलणं एवढंच.

एकट्याने काम करायचं म्हणजे नुसतं चालायचं. फ्यूज काढून विहिरीपाशी जायचं, तिथे शंका आली की परत बोर्डापाशी यायचं. डबा पंपाकडे तोंड करून खायचा. माझं लग्न राहूनच गेलं, त्यामुळे घरी येऊनही हीच तऱ्हा. एकदा एका शेतावर फ्यूज खिशात टाकून मी सवयीने ओरडलो, "खिशात हाय रं!" समोर फक्त बांधावरचे बगळे. ते उडाले. इतकी लाज वाटली, की काम उरकून मी कुणाला न भेटताच निघालो.

"एकटे असाल तर हा चौथाच घ्या. होल्ड, लोहचुंबक, बझर, सगळं ह्यात आहे, आणि वर आणखी एक सोय," दुकानदार म्हणाला. डिजिटल मीटर फार हळवा असतो, त्याने समजावलं. चालू तारेशेजारी एखादी मेलेली तार नुसती पडून असली, तरी तिच्यावर सत्तर-ऐंशी व्होल्ट दाखवतो. ते खोटे. माणूस दिवसभर बिघाड शोधत बसतो. ह्या चौथ्याची कळ एका खुणेवर फिरवली की तो तारेवर थोडा भार टाकतो. खोटे व्होल्ट लगेच खाली पडतात, खरे तसेच राहतात. मी तोच घेतला. खरं की खोटं, हे विचारायला माझ्याजवळ दुसरं कोण होतं?

पंधराएक दिवसांनी कळंबच्या त्याच बंगल्यावरून रखवालदाराचा फोन आला. पोर्चचा दिवा बंद पडलाय. जायचं मनात नव्हतं, पण गेलो. आत जाऊन फ्यूज काढला, खिशात टाकला, शिडी लावली आणि मीटर धरला. दोनशे अठरा.

हे खोटे व्होल्ट, मी मनात म्हटलं. कळ फिरवली. आकडा पडेना. परत फिरवली. दोनशे अठराच. मी खिसा चाचपला. फ्यूज माझ्याच खिशात होता.

खाली उतरलो.  रखवालदाराला विचारलं, "इन्व्हर्टर हाय का कुठं?"

"हाय की. जिन्याखालच्या कोठीत. मेन गेली की आपसूक चालू होतो. पोर्चचा दिवाबी त्याच्यावरच हाय."

"कवापासनं?"

"बंगला झाला तवापासनं. तुमी पडलात ना, तवाबी होता."

मी पायरीवर बसलो. दादाने फ्यूज काढला होता. आधीच काढला होता, ओरडायच्या आधी, नेहमीसारखा. आणि मी त्याला चारचौघांत खोटं ठरवलं होतं. रडू येईल असं वाटलं, पण रखवालदार समोर होता. "जरा जाऊन येतो," म्हणालो आणि काम तसंच टाकून गाडीला किक मारली.

दादा गोदामाच्या गेटवर उभा होता. निळा युनिफॉर्म त्याला ढगळ होत होता. मी गाडीवरून न उतरताच सगळं सांगून टाकलं, इन्व्हर्टर, दोनशे अठरा, सगळं. त्याने ऐकून घेतलं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "त्याच आठवड्यात जाऊन बघून आलतो मी."

"मग बोलला का नायस?"

"तुला इन्व्हर्टर दावला असता, तर तू इन्व्हर्टरवर भरवसा ठेवला असतास. माझ्यावर नाय."

मला तोंड वर करवेना. त्याने मीटर मागितला, उलटसुलट करून बघितला, पाठीचं लोहचुंबक गेटला चिकटवून पाहिलं. "चांगला हाय," म्हणाला.

"दादा, परत ये कामाला."

"आता कशाला रं? वाचतोय हा, धरतोय हा. आन् मला सवय ऱ्हायली नाय." रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. मग त्याची नजर माझ्या शर्टाकडे गेली. "खिशात काय हाय?"

बंगल्याचा फ्यूज. लावायचाच राहिला होता. इन्व्हर्टर चालू होता, म्हणून रखवालदाराच्याही लक्षात आलं नसणार. दादाने हात घालून तो काढला आणि त्या दिवशीसारखाच उघड्या तळहातावर माझ्यासमोर धरला. ह्या वेळी मी नीट बघितलं.

"जा, लावून ये," तो म्हणाला. "लोकांचं काम खोळंबवू नये." त्याने फ्यूज परत माझ्या खिशात ठेवला. मागे ट्रकने हॉर्न दिला आणि तो गेट उघडायला गेला. कळंबपर्यंतच्या सगळ्या वाटेत तो ठोकळा माझ्या छातीला लागत होता.