यादीत नाव नसलेल्याचा चहा

मी गाव सोडलं त्या दिवशी शाळेत ग्रामसभा होती. अण्णा, माझे वडील, सरपंच होते. पाया पडायला मी शाळेत गेलो, तेव्हा मुंबईत स्थायिक झालेले एक गृहस्थ गावच्या विहिरीबद्दल बोलायला उभे होते. अण्णांनी त्यांना बसवलं. "यादीत नाव नाही त्यानं चहा घ्यावा, बोलू नये." सभा हसली. मला म्हणाले, "पोचलास की कळव." खुर्चीवरून उठले नाहीत.

यादी म्हणजे मतदार यादी. सिडनीत पेंडल हिलला युनिट, म्हणजे फ्लॅट, घेतलं, सिटिझनशिप घेतली आणि गावच्या यादीतून माझं नाव गेलं. इथे मत दिलं नाही तर दंड होतो. मी एकदाही चुकवलेलं नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णा तालुक्याच्या कोविड सेंटरमधून सुटणार होते. कागदावर बरे होते. चार पावलांत धाप लागायची. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. आमच्या घरात तेव्हा चुलतभावाचं कुटुंब राहत होतं. त्याची बायको, लतावहिनी, आता सरपंच होती. मुलं दोन, लहान. अण्णांना घरी आणायचं की चौदा दिवस शाळेत ठेवायचं, हे ठरवायला व्हिडिओ कॉलवर सभा बसली. अण्णा सेंटरच्या खाटेवरून हजर होते. मी शिफ्टला गेलो नाही.

"वहिनी, त्यांना एकटं ठेवू नका. रात्री कोण बघणार?"

"भाऊजी, यादीत नाव आहे का तुमचं?"

"चहा घ्या, चहा!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. अण्णाही हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

शेजारी बसलेली माझी मुलगी म्हणाली, "डॅड, यू आर नॉट ऑन म्यूट. जस्ट से समथिंग."

मी म्यूटचं बटण दाबलं. हात वर झाले, सगळे शाळेच्या बाजूने. शेवटचा हात सलाइनची पट्टी लावलेला होता.

"माझाही मोज, लता," अण्णा म्हणाले.

सहाव्या दिवशी सकाळी शिपाई डबा घेऊन गेला. अण्णा भिंतीला टेकून बसलेले होते, गार पडलेले. आदल्या रात्रीचा डबा तसाच बंद होता. शाळेपासून आमचं घर दीडशे पावलांवर आहे.

गावाकडचे आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघेही विचारतात: ग्रामसभेचा आता काही उपयोग उरलाय का? ती सभा नियमाने झाली. ज्याला बोलायचा हक्क होता, त्याला बोलू दिलं. आमच्या आळीत त्यानंतर कोणी दगावलं नाही. वहिनींची मुलं धडधाकट आहेत. उपयोग आहे.

सीमा उघडल्यावर गेलो. अण्णा गेले त्याच वर्गात सभा होती. विषय एकच: वर्गाला अण्णांचं नाव द्यायचं. मी मागच्या बाकावर बसलो. वहिनींनी विचारलं, "कुणाचा विरोध?" माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मग ठरावाच्या बाजूने हात वर झाले, ठराव मंजूर झाला.

मग चहा आला. सगळ्यांत आधी मला दिला. बिनसाखरेचा होता. मी तसाच घेतो, हे त्यांच्या अजून लक्षात होतं.