शिल्लक लाकूड

नव्वदच्या दशकात मी एका सल्लागार कंपनीत नोकरीला लागले, आणि पहिलंच मोठं काम रोह्याचं मिळालं. तिथल्या एका कारखान्याला स्वतःची वीज हवी होती. लाकूड जाळून वाफ करायची आणि त्या वाफेवर जनित्र चालवायचं. यंत्रांचा हिशेब आमचे वरिष्ठ बघणार होते. त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं बॉयलरपाशी गेलेली. माझ्याकडे एकच प्रश्न होता. पेण-रोह्याच्या आसपास वर्षभर पुरेल इतकं लाकूड शिल्लक आहे का?

पेणला रामवाडीत मी खोली घेतली. रोज सकाळी एसटी पकडायची. वखारींत भुसा किती पडतो ते विचारलं, गडबच्या भातगिरणीत तुसांचं काय होतं ते पाहिलं. भुसा आधीच कुणीतरी उचलत होतं, तुसं वीटभट्ट्यांना जात होती. राहिलं रान. नकाशावर ते भरपूर दिसत होतं.

रोह्याच्या बाजारात आदिवासी बाया लाकडाच्या मोळ्या विकायला आणत. त्यांतल्या एकीला मी मोळी ताणकाट्यावर लावू देशील का, असं विचारलं. ती कातकरी, चाळिशीची असेल. नवरा वारलेला, मुली लग्न होऊन लांब गेलेल्या.

"वजन करून काय कळंल गो?" ती म्हणाली. "डोक्यावर घे."

घेतली. दहा पावलांत मान ताठली. ती हसली नाही, नुसती मोळी उतरवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासोबत डोंगरात जाऊ लागले. फांदीवर कोयत्याची उलटी बाजू आपटून ती आवाज ऐकायची आणि वाळलेली असेल तरच तोडायची. मी टिपून घ्यायचे: किती वेळ चाललो, किती लाकूड मिळालं, पुढच्या खेपेला आणखी किती वर चढावं लागलं.

चौथ्या दिवशी मला ओल्या लाकडाचे नमुने हवे होते. ओल्या लाकडाची बरीच आग स्वतःचंच पाणी आटवण्यात जाते, म्हणून पाण्याचं प्रमाण मोजावं लागतं. मी तिला ऐनाच्या आणि किंजळाच्या थोड्या फांद्या तोडायला सांगितलं. ओलं आम्ही तोडत नाय, म्हणाली. कामासाठीच आहे, जबाबदारी माझी, असं मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी तिनं तोडल्या. सगळ्या मला उचलेनात, तेव्हा निम्म्या तिनं आपल्या मोळीत बांधल्या. सकाळी बाजारात देते म्हणाली. मी पायवाटेने एसटीकडे गेले.

सकाळी ती बाजारात नव्हती. तिच्या वाडीतल्या दुसऱ्या बाईकडून कळलं की डोंगराच्या पायथ्याशी वनरक्षकाने तिला अडवलं. मोळी आणि कोयता जप्त केला, संध्याकाळपर्यंत कचेरीत बसवून ठेवलं. एका बाईने तोडायला सांगितलं, असं ती सांगत राहिली. कुणाला ते खरं वाटलं नाही.

मी तडक कचेरीत गेले. आमच्या कंपनीचं परवानगीचं पत्र वरच्या कार्यालयात पडून होतं, इथे पोचलंच नव्हतं. ते आल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. अधिकारी सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. तिला कुठे बसवलं होतं, असं मी विचारलं. त्यांनी बाहेरच्या पायरीकडे पाहिलं. मी चूक माझी असल्याचं लिहून दिलं आणि कोयता घेऊन निघाले. चहा तसाच राहिला.

ती अंगणात सुकट निवडत होती. कोयता तिनं घेतला, बाजूला ठेवला. मी माफी मागितली. ती सुकट निवडत राहिली.

मग म्हणाली, "तुज्यावर राग नाय. पन कागद लिवशील तवा येवढं लिव. रानात पडलेलं लाकूड कुनाचंच नाय, असं नाय."

अहवालाच्या तक्त्यात रानात पडलेलं सगळं लाकूड 'शिल्लक' या रकान्यात धरायची पद्धत होती. मी त्यातून वाड्यांच्या चुलींत जळणारं वजा केलं, पेण आणि रोह्याच्या बाजारात डोक्यावरून जाणारं वजा केलं. पावसाळ्याचे महिने तर कोरडं लाकूड मिळणारच नव्हतं. जे उरलं, त्यावर बॉयलर चालला नसता. वरिष्ठांनी कागद दोनदा वाचले. कारखान्याला हे आवडणार नाही, म्हणाले.

"वजनं तू स्वतः केलीस?"

"हो."

त्यांनी सही केली. तिला संध्याकाळपर्यंत पायरीवर बसावं लागलं, ते मात्र अहवालात कुठेच बसलं नाही.

तो प्रकल्प झाला नाही. माझ्या अहवालामुळे की आणखी कशामुळे, ते मला कुणी सांगितलं नाही. दिवाळीनंतर मी तिला हे सांगायला वाडीवर गेले. बहुतेक झोपड्यांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. माणसं वीटभट्ट्यांवर कामाला गेली होती. एक म्हातारेबाबा तेवढे मागे होते. तीही गेली, म्हणाले. कुठल्या भट्टीवर ते मुकादमालाच ठाऊक. वनरक्षकाने धरल्यापासून तिनं मोळी विकणं सोडलं होतं. भीती बसली होती. एरवी ती वर्षभर वाडीवरच असायची.

लाकडावरचा वीज प्रकल्प होणार नाही, एवढंच मी सांगितलं.

"कंचा प्रकल्प?" बाबांनी विचारलं.

मी त्यांच्या ओट्यावर टेकले आणि पहिल्यापासून सांगू लागले.