सात खाचांची बाटली

स्नेहलताकाकूंच्या जावयाला मी आजारी पाडता पाडता राहिलो, आणि त्याच दिवसापासून काकूंची नि माझी दोस्ती झाली.

त्यांचा जावई हृषिकेश आणि मी जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नला एकाच ऑफिसात, एकाच मजल्यावर बसतो. सिगारेट आम्ही दोघांनी एकदमच सोडली आणि व्हेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटही, एकदमच धरली. आगीतून निघून फुफाट्यात पडलात, असं माझी बायको म्हणते. फुफाटा जरा कमी भाजतो, असं माझं म्हणणं. व्हेपमध्ये भरायचं तयार लिक्विड हृषिकेशला पसंत नव्हतं. तो दुकानातून नुसता बेस, म्हणजे बिनचवीचा द्रव, आणायचा, निकोटीनची छोटी बाटली आणायचा, हवा तो फ्लेवर आणायचा आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघरात बसून सगळं मिसळायचा. या मिश्रणाला आमच्यात 'तेल' म्हणायची पद्धत होती. तेल संपलं, तेल भरलंस का, तुझं तेल कुठलं. खरं तर त्यात तेलाचा थेंब नसतो. पण जीभ एकदा वळली की वळली.

हृषिकेशची खरी अडचण जेवणानंतरची होती. पोट भरलं की त्याला सिगारेट आठवायची आणि आंबा, ब्लूबेरी असल्या चवींनी ती आठवण जायची नाही. त्याला मुखवासासारखं काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, त्यात काय एवढं. दाढदुखीसाठी आईने दिलेली लवंगेच्या तेलाची बाटली माझ्याकडे पडून होती, ती खिशात घालून एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. तेलात तेल, एवढाच माझा विचार. इंजिनियर माणूस मी, पण अक्कल त्या दिवशी घरी राहिली होती.

काकू तेव्हा नुकत्याच इचलकरंजीहून आल्या होत्या. दर वर्षी लेकीकडे यायच्या, व्हिसाचे नव्वद दिवस राहायच्या आणि परत जायच्या. जावयाशी त्यांचं बोलणं म्हणजे 'अजून एक पोळी घ्या' आणि 'निघालात का'. तो बाल्कनीत धूर सोडताना त्यांना दिसायचा, पण जावयाला बोलायचं नसतं, म्हणून त्या खिडकीकडे पाठ करून भाजी निवडत बसायच्या.

त्या दिवशी हृषिकेशने माझी बाटली उघडली. वास सुटला. काकू उठल्या आणि त्यांनी त्याच्या मिश्रणाच्या बाटलीवर सरळ तळहात ठेवला.

"हृषिकेशराव, हे ओढायचंय ना तुम्हाला? प्यायचं तर नाही?"

"ओढायचंय."

"मग तेल नको. पोटात गेलेलं तेल पचतं, छातीत गेलेलं तिथेच बसतं."

मग त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षं त्या एका दवाखान्यात कंपाउंडर होत्या. आंघोळीनंतर तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडायची पद्धत त्यांच्या भागात होती. तशी कितीतरी बाळं छाती भरून दवाखान्यात यायची आणि डॉक्टर आयांवर ओरडायचे. ते ओरडणं काकूंच्या कानात अजून होतं. मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. घरात वापरायच्या बाटलीने मी मित्राच्या फुफ्फुसाचं वाटोळं करायला निघालो होतो.

"ओढूच नये, हे खरं," काकू म्हणाल्या. "पण ओढणारच असाल तर मोजून. सरका तिकडे."

त्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. पुढच्या शनिवारी मी त्यांना घेऊन फ्रँकफर्टच्या दुकानात गेलो. काकूंचं जर्मन म्हणजे औषधांच्या खोक्यांवरून शिकलेले दहा-बारा शब्द. त्यांनी चष्मा चढवला, एकेक फ्लेवर हातात घेतला आणि दुकानदाराला विचारत सुटल्या, "ओने त्सुकर? ओने ओल?" साखर नाही ना, तेल नाही ना. खाण्याचे इसेन्स नकोत, लिक्विडसाठीच बनवलेला फ्लेवर हवा, हे मी जोडून सांगत होतो. दुकानदाराने मला हळूच विचारलं, या बाई फार्मासिस्ट आहेत का. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर.

बडीशेप आणि वेलची, असे दोन फ्लेवर ठरले. दोन्ही बाटल्यांवर शेकडा चार ते सहा असं प्रमाण लिहिलेलं. हृषिकेश दोन्ही सहा-सहा टाकायला निघाला.

"दोन औषधं एकत्र दिली म्हणून दोन्हींचा पूर्ण डोस द्यायचा नसतो," काकू म्हणाल्या. "मिळून सहा. बडीशेप चार, वेलची दोन."

हातमोजे घालून, सुईशिवायच्या सिरिंजने त्यांनी मोजलं. आधी फक्त दहा मिलीलीटर, चव बिघडली तर वाया जायला नको म्हणून. मग ते कपाटात, अंधारात चार दिवस मुरायला. निकोटीनची बाटली सगळ्यात वरच्या कप्प्यात, कुलपात. पाचव्या दिवशी हृषिकेशने जेवण झाल्यावर ते ओढून पाहिलं, आणि लग्नातल्या पंगतीतून उठल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "आई, जमलं."

मग काकूंनी तीस मिलीलीटरची आठवड्याची बाटली केली आणि तिला कागदाची पट्टी चिकटवली. ज्यांनी जुने दवाखाने पाहिलेत त्यांना ती पट्टी आठवेल. लाल मिक्स्चरच्या बाटलीवर असायची, डोसाच्या खुणांसाठी कडेला खाचा कापलेली. इथे सात खाचा, दिवसाला एक. शेजारी लेबल, त्यावर तारीख, प्रत्येक जिन्नस किती, आणि खाली दवाखान्याच्याच अक्षरात 'वापरण्यापूर्वी बाटली हलवावी'.

"पट्टीवरून पेशंट कळतो," त्यांनी मला सांगितलं. "आठवडा संपून औषध उरलं, तर माणूस एक तर बरा झालेला असतो, नाही तर चोरून मोरीत ओतणारा असतो."

असे तीन आठवडे गेले. चौथ्या रविवारी स्वरूपाने, म्हणजे काकूंच्या लेकीने, आईला कोपऱ्यात घेतलं. मी तिथेच काकडी कोचत होतो, मला काही कोणी मोजत नाही.

"आई, त्यातलं निकोटीन दर आठवड्याला थोडं कमी कर ना. त्याला सांगू नकोस. सांगितलं की तो अडून बसतो."

काकूंनी नकार दिला. "एकतीस वर्षांत बाटलीवर एक आणि आत दुसरं, असं केलं नाही मी. घरच्या माणसाला करू?"

"मग खरं लिही. तो कुठे वाचतो?"

त्या आठवड्यात लेबलवर निकोटीन नऊ मिलीलीटरचं आठ झालं, आणि बेस तेवढा वाढला. पुढे सात. मग साडेसहा. सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. हृषिकेश बाटली घ्यायचा, हलवायचा, खिशात टाकायचा.

काकूंना मात्र ते सोसवेना. लिहिणं वेगळं आणि सांगणं वेगळं, हे त्या जाणून होत्या. शिवाय दुसरी भीती होती. निकोटीन कमी पडलं की माणूस जास्त ओढतो, मग कमी करून काय मिळवलं? म्हणून दर रविवारी परत आलेली बाटली त्या उजेडात धरून बघायच्या. बाटली बरोबर रिकामी असायची, आठवडाही पुरा झालेला असायचा. जास्त नाही, कमीही नाही. मला म्हणायच्या, "विनय, तुमचा मित्र गुणी आहे. त्याला फसवून मी कुठे फेडू?" मी दोन्हीकडचं जेवत होतो, त्यामुळे माझं तोंड बंद होतं.

गुरुवारी काकूंचं विमान होतं, त्याच्या आधीच्या रविवारी त्यांना राहवलं नाही. हृषिकेश पाटावर बसावा तसा ताठ टेबलाशी बसला होता. काकू समोर उभ्या राहिल्या.

"हृषिकेशराव, मी दीड महिना तुमचं निकोटीन कमी करत आणलंय. लेबलवर लिहिलं, तोंडाने बोलले नाही. चूक झाली माझी."

स्वरूपाच्या हातातला डाव पातेल्यातच थांबला. मी पाण्याच्या पेल्यात बघायला लागलो.

"माहीत आहे," हृषिकेश म्हणाला. "पहिल्या आठवड्यापासून. लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही, हे तुम्हीच तर शिकवलंत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही नाही बोललो. आणि आल्झो, म्हणजे... कोणीतरी इतकं मोजून आपलं काही करतंय, तर करू द्यावंसं वाटलं."

काकूंनी हात पुढे केला, तशी त्याने खिशातून आठवड्याची बाटली काढून दिली. काकूंनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि पट्टीवर अंगठा ठेवून खालून मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

तीन खाचा अजून भरलेल्या होत्या.

"मोरीत ओतलंत?" त्यांनी विचारलं. जावयाला असं विचारायचं नसतं, पण आता कंपाउंडर बोलत होती.

"नाही आई. लागलंच नाही."

काकूंनी बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि ती कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. कुलूप लावताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलं नाही. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "स्वरूपा, पानं वाढ. या आठवड्यात नवी बाटली करायची नाही."