नात्याचा रकाना

परभणीत राज्यस्तरीय खो-खोचे सामने भरले, शहरातले सगळे लॉज भरून गेले आणि मला वरची रिकामी खोली चार दिवस भाड्यानं द्यायची हुक्की आली. मी पडले नियमानं चालणारी. पोलीस ठाण्याबाहेर सूचना लागली होती की, सामन्यांच्या काळात घर भाड्यानं देणाऱ्यांनी राहणाऱ्यांची माहिती द्यावी. नातेवाईक असतील तर गरज नाही. मी फॉर्म आणला, 'नाते' या रकान्यात 'भाडेकरू' लिहिलं आणि देऊन आले. घर सासूबाईंच्या नावावर, त्यांची सही तेवढी राहिली.

राहायला आलं ते मेंढ्या राखणारं जोडपं. लांबच्या जिल्ह्यातलं. त्यांची मुलगी संघात होती. बापानं तिला मैदानावर कधी पाहिलंच नव्हतं. यंदा कळप भावावर सोपवून आला होता.

पहिल्याच चहाला सासूबाईंनी विचारलं, "तुजं म्हायेर कुठलं गं?"

"पेडगाव."

झालं! सासूबाईही पेडगावच्याच. आमच्याकडे माहेरच्या गावची धाकटी लेक म्हणजे भाचीच. ती बाई त्यांना आत्या म्हणू लागली, न विचारता स्वयंपाकघरात शिरून भाकरी थापू लागली. मला आधी बरं वाटलं, मग रागही आला. भाडेकरूनं माझा तवा का घ्यावा?

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस दारात. "मालकाची सही न्हाई यावर."

"सही कशाला? भाची हाय माजी," सासूबाई म्हणाल्या.

तो एकदा फॉर्मकडे बघे, एकदा माझ्याकडे. "इथं तर भाडेकरू लिवलंय. नातेवाईक हायत तर भाडं कसं घेता? भाडेकरू हायत तर सही करा. न्हाईतर खोली खाली करा."

दुसरीकडे जागा नव्हती आणि अंतिम सामना उद्या होता. खोली गेली की त्यांना आजच्याच गाडीनं परतावं लागणार होतं. मी पार गोंधळले. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. मीही खोटं लिहिलं नव्हतं. मग चुकलं कोण?

"आई, करा की सही."

"भाचीला भाडेकरू म्हनू? पेडगावात तोंड कसं दाखवू?"

शेवटी ती बाईच पुढं झाली. "आत्या, लिवू द्या भाडेकरू. दोन दिस पोरगी राखीव बसली, उद्या खेळनार हाय; ह्यांनी अजून तिला खेळताना बघितलं न्हाई."

सासूबाईंनी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप मैदानावरून आला तो घसा बसवूनच. पोरगी कशी झेपावली, ते अंगणात हातवारे करून दाखवत होता. मी भाकरी टाकत होते. ती बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली.

"आत येऊ का?" तिनं विचारलं.

चार दिवसांत तिनं हे पहिल्यांदाच विचारलं होतं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्या रकान्यात काय लिहायला हवं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. मी तव्यापासून उठले आणि तिला जागा करून दिली.