आत्याबाईंची चौथी तपासणी

खरं सांगायचं तर त्या वर्षी माझा रेणुकामातेवर राग होता. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विसर पडू लागून चार वर्षं झाली होती आणि दर मंगळवारी मी देवीकडे एकच मागत होते, त्यांची उत्तरं बरोबर येऊ देत. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. चिखलीजवळच्या आमच्या गावात दर माघात एक डॉक्टर यायचे. शाळेच्या ओसरीत चटई टाकून गावातल्या सगळ्या वस्त्यांतल्या साठीपुढच्या माणसांना ते दरवर्षी तेच विचारायचे. आज वार कोणता, तिथी कोणती, मघाशी सांगितलेल्या तीन वस्तू कोणत्या? विसर म्हातारपणाचा की आजाराचा, हे एका भेटीत कळत नाही, वर्षानुवर्षं पाहावं लागतं, असं ते सांगायचे.

माझ्या मनात मात्र भलतीच भीती बसली होती. उत्तरं चुकली की आत्याबाईंना वेड्यांच्या इस्पितळात नेतील! मला आई नव्हती, माझी दोन्ही बाळंतपणं या बाईनंच केली. यजमान शाळामास्तर. साहेब तपासणीला येणार म्हटलं की पोरांकडून उत्तरं घोकून घ्यायची, हे आमच्या घरात नेहमीचंच. तोच शहाणपणा मी केला. वार, तिथी आणि आधी तपासणी झालेल्या गावांतून कळलेल्या त्याच तीन वस्तू मी आठ दिवस आधीपासून पाठ करून घ्यायचे. "मले कोन्त्या वर्गात बसवून राह्यली वं तू?" असं त्या विचारायच्या आणि आम्ही दोघी हसायचो. तीन वर्षं त्या पास झाल्या, मी देवीची ओटी भरली.

चौथ्या वर्षी काही पाठ होईना. तपासणीच्या सकाळीच मी त्यांच्यावर ओरडले. भाकरी करून बाहेर आले, तर घरात कुठेच नाहीत. विहिरी पाहिल्या, मळे पाहिले. देवीला नको नको ते बोलले.

ऊन चढल्यावर एक अनोळखी बाई आली. डोक्यावर वांग्यांची टोपली, हाताला आत्याबाई, आणि दोघी खुशीत!

"माहेराले चालली म्हने," ती म्हणाली. "म्या तिले काहीच इचारलं नाही. ती जे म्हने त्याले हाव म्हनत आली. गाव दिसलं तं तिनंच घर दाखोलं."

मी पाणी आणायला आत गेले, तोवर ती निघून गेली होती. पुढे चिखलीच्या बाजारात खूप शोधली, पण दिसली नाही.

मी तशीच आत्याबाईंना घेऊन शाळेत गेले आणि डॉक्टरांना रडत सांगितलं, तीन वर्षांची उत्तरं माझी होती. ते रागावले नाहीत. जुन्या नोंदींशेजारी त्यांनी तसं लिहून ठेवलं. "यांना कोणी कुठे नेत नाही हो," ते म्हणाले. "ओळखीच्या घरातच राहू द्या." मग प्रश्न झाले. एकही उत्तर आलं नाही. मी मागे बसून होते आणि कित्येक महिन्यांनी मला शांत वाटत होतं.

ती बाई कोण होती, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी उत्तरं मागत बसले होते आणि देवीनं मला हवं ते न देता, मला कळायला हवं होतं ते दारात आणून सोडलं. तिचे उपकार कसे फेडू?

आत्याबाई पुढे दोन वर्षं होत्या, आणि डॉक्टरांपुढे जशा होत्या तशाच बसल्या. एका दुपारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "तू कोनाची वं?"

पूर्वी मी नाव-गाव सांगून आठवण करून दिली असती. म्हटलं, "तुमचीच, आत्याबाई."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हाव," म्हणाल्या, "मले वाटलंच."