नाताळातलं कोकम सरबत

कोकमाच्या आगळाची, म्हणजे घट्ट रसाची, बाटली उघडली की सिंगापूरचा, बेडोकमधला आमचा फ्लॅट आठवतो. नव्वदच्या दशकातला नाताळ. बंदरावरच्या स्पॅनिश बोलणाऱ्या खलाशांना भेटून पेरू देशातला एक तरुण मॉर्मन धर्मप्रचारक सोबत्यासह आमच्याकडे आला. मी चहा ठेवला. त्यांच्या धर्मात चहा चालत नाही म्हणाला. "अर्धा कप तरी घे," मी आपली आग्रह करतेय. शेवटी कोकम सरबत केलं. पठ्ठ्या तीन ग्लास प्यायला.

नाताळला घरी फोन करायची त्यांना मुभा होती. आमच्याच फोनवरून आईशी बोलला आणि हसत रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी सरळ मराठीत सांगितलं, "काळजी करू नका, पोरगं मजेत आहे." ती स्पॅनिशमध्ये कितीतरी वेळ बोलत राहिली. मला एक अक्षर कळलं नाही.

आता माझा लेक परदेशी असतो. ती काय म्हणत होती, ते शब्दन् शब्द सांगेन.